शिखर खाली आणण्याबाबत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात किलीमांजारोच्या माथ्यावरचा लाकडी फलक वाऱ्याने उखडला आणि पश्चिमेच्या कड्यावरून खाली गेला. 'अभिनंदन, आपण शिखरावर आहात' असे त्यावर लिहिलेले होते. डोंगर होता तिथेच राहिला. परंतु शिखर गाठल्याच्या प्रमाणपत्रासाठी फलकासोबतचा फोटो जोडणे सक्तीचे असल्यामुळे त्या दिवसापासून कार्यालयाच्या दृष्टीने कोणीही शिखर गाठेनासे झाले. माणसे चार दिवस चढत, पाचव्या दिवशी फुटलेल्या ओठांनी आणि गळत्या नाकाने माथ्यावर उभी राहत, आणि सहाव्या दिवशी पायथ्याच्या मोशी गावातल्या कार्यालयाच्या खिडकीवरून 'अयशस्वी' असा शिक्का घेऊन घरी जात.

याचा सर्वांत जास्त त्रास अनाएली शायोला झाला. तो सत्तावीस वर्षे पर्यटकांना डोंगरावर नेत होता. तीनशे वेळा माथ्यावर जाऊन आल्यावर त्याने मोजणे सोडून दिले होते. मार्चमध्ये एका बेल्जियन दंतवैद्याने हॉटेलच्या दारात तो शिक्का पाहून हुंदके दिले आणि आपल्याला भलत्याच डोंगरावर नेल्याचा आरोप केला, तेव्हा अनाएलीला पहिल्यांदा आपल्या धंद्याची लाज वाटली. म्हणून एप्रिलअखेर नवा फलक तयार झाल्याचे आणि तो वर न्यायला अनुभवी माणूस हवा असल्याचे कळताच तो आपण होऊन शिखर-फलक कक्षात गेला. पुढच्या सोमवारी त्याची एक तुकडी निघणारच होती. फलक सोबत न्यायचा, इतके साधे काम होते.

नव्या फलकाचा मजकूर तीन समित्यांनी मंजूर केला होता. आधीचा फलक वाऱ्यापुढे टिकला नाही असे अहवालात नमूद असल्याने नवा भरीव लाकडाचा आणि लोखंडी चौकटीचा करण्यात आला. कोणताही वारा त्याला हलवू शकणार नव्हता. माणसेही हलवू शकणार नाहीत, हे तो पूर्ण झाल्यावर लक्षात आले. वजन एकशे अठरा किलो भरले.

कक्षप्रमुख फौस्तीन कसांगा हे सभ्य गृहस्थ होते. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेने. एक सहीचे, एक नुसते 'पाहिले' असे लिहिण्याचे. कक्षात त्यांना अकरा वर्षे झाली होती. डोंगर त्यांनी खिडकीतून पाहिला होता, तोही ढग नसतील तेव्हा.

सोमवारी सकाळी सगळे प्रवेशद्वारावर जमले. अनाएलीच्या तुकडीत तीनच पर्यटक होते. टायलर आणि ब्रिआना हे कॅनडातले नवविवाहित जोडपे, आणि हालिना नावाच्या त्रेसष्ट वर्षांच्या पोलिश बाई. तार्नूवजवळच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे भूगोल शिकवला होता. हे कळल्यापासून अनाएली त्यांना 'बाई' म्हणू लागला, आणि त्यांनाही ते बरे वाटले.

एका हमालाने वीस किलोहून जास्त ओझे नेऊ नये असा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. अनाएलीचे वडील तो नियम होण्याआधी हमाल होते आणि चाळिशीतच त्यांचे गुडघे गेले होते. कसांगा साहेबांनी सहा हमाल उभे केले. प्रत्येकाच्या वाट्याला वीसच्या आत येत होते. काट्यावरच्या कारकुनाला हे मान्य होते. मात्र प्रत्येकाचे ओझे स्वतंत्र मोजणे बंधनकारक असल्यामुळे त्याने पहिल्या हमालाचे ओझे काट्याला टांगले. एकशे अठरा. मग दुसऱ्याचे टांगले. एकशे अठरा. सहाव्यानंतर त्याने बेरीज केली, ती सातशे आठ किलो आली, आणि आकडा पाहून तो स्वतःच घाबरला. एवढे ओझे डोंगरावर सोडले तर आपली नोकरी जाईल, असे त्याने स्पष्ट सांगितले.

तासभर वाद चालला. अनाएलीचा मावसभाऊ तेमू हा तुकडीचा स्वयंपाकी. त्याच्या हाताला चव होती आणि जिभेला हाड नव्हते. तो बटाट्यांच्या पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, पर्यटकाला वजनाची अट नाही. गेल्या वर्षी एकशे चाळीस किलोचा माणूस नेलाय आम्ही. याचंही तिकीट काढून टाका."

हमाल हसले. कसांगा साहेबांनी सहीचे पेन काढले.

अर्ध्या तासात फलकाचा परवाना तयार झाला. नाव: शिखर फलक. राष्ट्रीयत्व: टांझानियन. वय: एक आठवडा. व्यवसाय: अभिनंदन करणे. निकटच्या नातेवाइकाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून कसांगा साहेबांनी तिथे स्वतःचे नाव लिहिले. परवाना खिडकीत सरकवल्यावर कारकुनाने तो वाचला आणि परत दिला. एका आठवड्याचा पर्यटक हा कायद्याने अज्ञान असल्यामुळे पालकाशिवाय त्याला आत सोडता येत नाही, असे तो म्हणाला. कसांगा साहेबांनी एकदा डोंगराच्या दिशेने पाहिले, एकदा आपल्या बुटांकडे पाहिले, आणि घरी निरोप पाठवला की जेवायला वाट पाहू नये.

आता फलक पर्यटक झाला होता. पण पर्यटक चालत जातो. न चालणाऱ्यासाठी डोंगरावर एका चाकाचे स्ट्रेचर असते. ते आणवले, फलक त्यावर पट्ट्यांनी बांधला, तर पहारेकऱ्याने अडवले. स्ट्रेचर हे आजाऱ्याला खाली आणण्यासाठी असून वर जाणाऱ्या स्ट्रेचरची नोंद करायला वहीत रकानाच नव्हता.

"मग तोंडं खाली करून वर जाऊ," तेमू म्हणाला. "बघणाऱ्याला वाटेल उतरतोय."

अनाएलीने त्याला कोपराने ढोसले, पण उशीर झाला होता. कसांगा साहेब लिहून घेत होते.

अशा रीतीने, आणखी दोघे जोडून घेऊन, आठ हमाल पाठमोरे चालत किलीमांजारो चढू लागले. पुढे अनाएली, त्याच्यामागे तीन पर्यटक, मग उलटी चालणारी माणसे, आणि शेवटी धापा टाकणारे कसांगा साहेब. त्यांना सगळ्या हमालांचे चेहरे समोर दिसत, आणि त्या चेहऱ्यांवर त्यांच्याविषयी जे लिहिलेले होते ते त्यांना चार दिवस वाचावे लागले. जंगलातली काळीपांढरी माकडे फांद्यांवरून खाली वाकून पाहत होती. हालिनाबाई म्हणाल्या, की त्यांच्या शाळेतही एक मुख्याध्यापक असे होते. पण ते एकटेच उलटे चालत, इतरांना लावत नसत.

पहिल्या मुक्कामावर फलकाला तंबू मिळाला, कारण तो पर्यटकाचा हक्क होता. अज्ञान पर्यटकाला एकटे झोपवता येत नसल्यामुळे कसांगा साहेबही त्याच तंबूत. फलक फक्त कोपऱ्यातून कोपऱ्यात मावला. उरलेल्या त्रिकोणात साहेब पाय पोटाशी घेऊन झोपले.

जेवणही तीन वेळचे द्यावे लागे. तेमू केळ्यांचे आणि मटणाचे गरम सूप वाडग्यात घालून फलकासमोर ठेवी, पाच मिनिटे थांबे, आणि उचलून स्वतः पिऊन टाकी. आरोग्याचा तक्ता भरणे अनाएलीकडे होते. डोकेदुखी: नाही. उलटी: नाही. भूक: नाही. चालताना तोल जातो का: चालत नाही. हे त्याने चार दिवस प्रामाणिकपणे लिहिले, कारण खोटे लिहायची त्याला सवय नव्हती.

टायलर आणि ब्रिआनाला फलकाचा भारी लळा लागला. दर मुक्कामावर ती दोघे त्याच्यासमोर उडी मारून फोटो काढीत. शिखरावर दम लागलेला असेल, उडी नीट जमणार नाही, तेव्हा सराव हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, लाह्या आणि आल्याचा चहा पुढ्यात असताना, हालिनाबाईंनी अनाएलीला आपल्या येण्याचे कारण सांगितले. चौतीस वर्षे त्या फळ्यावर हा डोंगर काढीत आल्या होत्या. विषुववृत्ताची रेघ, तिच्या जरा खाली डोंगर, आणि डोंगरावर पांढऱ्या खडूने बर्फ. पोरे दरवर्षी हसत. विषुववृत्तावर कुठे बर्फ असतो का, म्हणत. बाई त्यांना रागे भरत. मग निवृत्तीच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारले की बाई, तुम्ही पाहिलाय का.

"मी वळून फळा पुसू लागले," बाई म्हणाल्या. "घंटा झाली म्हणून सुटले. आता तो विरघळत चाललाय म्हणतात. संपायच्या आत एकदा हात लावायचाय."

"लावाल," अनाएली म्हणाला. "माझा शब्द."

चौथ्या दिवशी दुपारी ते शेवटच्या तळावर पोहोचले. इथून वर नुसते दगड, राख आणि वारा. तळावर झवादी नावाची परिचारिका होती. चाळीस ते ऐंशीपर्यंतच्या वयाच्या, सर्व खंडांतल्या माणसांची रडगाणी ऐकून तिचा चेहरा कोरा झालेला होता. वर जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाची नाडी आणि रक्तातला प्राणवायू तपासल्याशिवाय ती सही करीत नसे. त्यासाठीचा चिमटा तिने टायलरच्या बोटाला लावला, ब्रिआनाच्या लावला, हालिनाबाईंच्या लावला. मग परवान्यांच्या गठ्ठ्यात चौथा कागद पाहून ती स्ट्रेचरपाशी गेली आणि चिमटा लोखंडी चौकटीला लावला.

बराच वेळ ती आकड्याची वाट पाहत राहिली.

"चार दिवस अन्न नाही," ती तक्ता चाळत म्हणाली. "नाडी नाही. प्राणवायू शून्य. अंग थंडगार. याला इथवर आणलातच कसा?"

"सिस्टर, तो फलक आहे," अनाएली म्हणाला.

"कागदावर पर्यटक आहे. मी कागदाला उत्तर देते. हा वर जाणार नाही. खरं तर याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं."

कसांगा साहेबांनी तिला बाजूला नेऊन समजावले, की खाली नेणे शक्य नाही, कारण कक्षाला मिळालेली मंजुरी फक्त चढाईची आहे. उतरणीसाठी नवा प्रस्ताव करावा लागेल, तो तीन समित्यांपुढे जाईल. झवादी बधली नाही. फलक वर जाऊ शकत नव्हता, खाली जाऊ शकत नव्हता, आणि आठ हमालांनी तो जमिनीवर ठेवून दिला होता; त्यांच्या हालचालींवरून ते तो पुन्हा उचलतील असे दिसत नव्हते. साहेबांनी दगडावर बसकण मारली. चार दिवस त्रिकोणात झोपून त्यांची मान एका बाजूला गेली होती.

तेमू कांदे सोलत होता. तो वर न बघता म्हणाला, "एवढं काय त्यात. इथेच ठोका आणि यालाच शिखर म्हणा."

म्हणून झाल्यावर त्याने हातातली सुरी खाली ठेवली. साहेब त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांची मान हळूहळू सरळ होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपूर्वी परिपत्रक निघाले. साहेबांनी ते गुडघ्यावर लिहिले, सही केली आणि दुसऱ्या पेनाने खाली 'पाहिले' असेही लिहिले. शिखर म्हणजे जेथे अधिकृत शिखर-फलक उभा आहे ती जागा. सबब तळ क्रमांक चार हे आजपासून शिखर समजण्यात यावे. हमालांनी दगड रचून फलक उभा केला. 'अभिनंदन, आपण शिखरावर आहात.' टायलर आणि ब्रिआना यांनी उडी मारली. दम अजिबात लागलेला नसल्यामुळे उडी फार सुंदर जमली. दोघांचे डोळे भरून आले. आयुष्यातले स्वप्न पुरे झाले असे म्हणत त्यांनी एकमेकांना मिठी मारली, अंडी आणि चपाती खाल्ली, आणि उतरायच्या तयारीला लागली.

हालिनाबाई फलकाकडे पाठ करून उभ्या होत्या. समोर सव्वा किलोमीटर उंचीचा डोंगर आभाळात गेला होता आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ चमकत होती.

"साहेब, मग ते काय आहे?" त्यांनी विचारले.

कसांगा साहेबांनी वर पाहिले. इतक्या जवळून ते पहिल्यांदाच पाहत होते. हात खिशातल्या पेनांकडे गेला.

"तो शिखरावरचा भाग आहे," ते म्हणाले.

"मला तिथे जायचंय."

"शिखराच्या वर जाता येत नाही, मॅडम. शिखराच्या वर हवा असते. तो विषय विमान खात्याचा. अर्ज दार-एस-सलामला करावा लागेल." हे उत्तर त्यांना तेमूच्या मदतीशिवाय सुचले होते आणि त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी अनाएलीला जरा दूर बोलावून हळू आवाजात सांगितले की शिखर ओलांडल्यास त्याचा परवाना रद्द होईल, आणि आपल्याला त्याचे वाईट वाटेल. ते खरेच बोलत होते. त्यानंतर ते कॅनडाच्या जोडप्याबरोबर खाली निघाले. उतरणीला त्यांचा वेग इतका वाढला, की हमालांना ते दिसेनासे झाले.

अनाएली बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत राहिला. घरी दोन मुली शिकत होत्या. डोंगराखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते. परत खाली गेले तर बाईंनाही प्रमाणपत्र मिळाले असते आणि त्यालाही पुढची तुकडी. बाई काही बोलल्या नाहीत, त्याचीच त्याला अडचण झाली. त्यांनी आग्रह केला असता तर नाही म्हणता आले असते.

"बाई, हातमोजे घाला," तो शेवटी म्हणाला. "वर वारा आहे."

तेमूने थर्मासात चहा भरून दिला. "जा," तो म्हणाला, "पण वर काही सापडलं तर त्याला नाव देऊ नकोस. ते लोक ऐकत असतात."

वर जायला सात तास लागले. वाटेत कोणी नव्हते. सत्तावीस वर्षांत अनाएलीने माथ्याची वाट अशी मोकळी पाहिली नव्हती. एरवी मुंग्यांसारखी रांग असे, वर पोहोचल्यावर फोटोसाठी धक्काबुक्की होई, आणि तो स्वतः कोणाचा तरी फोन हातात धरून 'हसा, जरा डावीकडे, हसा' म्हणत असे. आज माथ्यावर जुन्या फलकाचे दोन खड्डे होते आणि बाजूला बर्फाची भिंत होती, बाईंच्या खडूतल्या बर्फापेक्षा पुष्कळ लहान, खालून पोखरलेली, निळसर. बाईंनी हातमोजा काढला आणि तळवा तिच्यावर टेकवला. बराच वेळ काढला नाही.

"बाई, बोटं गारठतील," तो म्हणाला.

"गारठू देत."

मग त्या दगडावर बसल्या, आणि तोही बसला. त्याच्या ध्यानात आले की माथ्याची ही पूर्वेकडची बाजू त्याने कधी नीट पाहिलेलीच नाही. फोटो काढणारा नेहमी तिच्याकडे पाठ करून उभा असतो. खाली ढगांची जमीन पसरली होती, आणि डोंगराची सावली तिच्यावरून लांब लांब जात होती. बाई उगाच हसू लागल्या. अनाएलीने हसा म्हटले नव्हते. त्याने त्यांच्या फोनवर एक फोटो काढून दिला, त्यांनी पुन्हा बर्फावर टेकवलेल्या हाताचा. वाऱ्यामुळे फोटो जरा हलला.

सातव्या दिवशी, एक दिवस उशिरा, ते मोशीत पोहोचले. खिडकीवर टायलर आणि ब्रिआना यांच्या प्रमाणपत्रांच्या नोंदी ताज्या होत्या. हालिनाबाईंचा अर्ज मात्र फलकासोबत फोटो नसल्याने नाकारण्यात आला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: शिखर ओलांडून गेल्यामुळे शिखर गाठू शकल्या नाहीत. बाईंनी त्या कागदाची मुद्दाम जास्तीची एक प्रत मागून घेतली. आपल्या जुन्या वर्गात लावायला, म्हणाल्या.

अनाएलीला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याने एका परदेशी नागरिकास शिखरापेक्षा एक हजार दोनशे बावीस मीटर वर नेल्याचा आरोप होता. चौकशीच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून गेला आणि त्याने समितीला एकच विचारले: शिखराच्या वर काही आहे, असे कक्षाचे म्हणणे आहे का?

समितीचे पाच सदस्य दोन तास दार लावून बसले. वर काही आहे असे म्हटले तर फलक चुकीच्या जागी ठरत होता. नाही म्हटले तर अनाएली तिथे जाऊच शकत नव्हता. अखेर तो निर्दोष सुटला. मात्र शिखर कुठे आहे याविषयी त्याच्या मनात संभ्रम असल्याचे दिसून आल्याने त्याला तीन दिवसांच्या उजळणी वर्गाला बसण्याचा आदेश झाला. वर्ग कसांगा साहेबांनी घेतला, कारण शिखरावर जाऊन आलेले कक्षात ते एकटेच होते.

शेवटी लेखी परीक्षा झाली. पहिलाच प्रश्न होता: शिखर कोठे आहे? पर्याय चार होते. फलकाजवळ, फलकासमोर, फलकाच्या बाजूला, वर. नापास होणाऱ्याचा परवाना गोठवला जाणार होता. अनाएलीने मुलींचा विचार केला आणि पहिल्या पर्यायावर खूण केली. पेन जराही अडखळले नाही. त्याचेच त्याला घरी जाताना जास्त वाईट वाटले.

पुढच्या हंगामात शिखर गाठणाऱ्यांचे प्रमाण शंभर टक्क्यांवर गेले. थंडीच्या तक्रारी आल्यामुळे शिखर आणखी एक मुक्काम खाली आणण्यात आले. उतरणीच्या मंजुरीला तोपर्यंत तीनही समित्यांची संमती मिळाली होती. कसांगा साहेबांना बढती मिळाली. तेमूने जाहीरपणे बोलणे सोडले आहे. तो आता फक्त कांद्यांशी बोलतो.

टायलर आणि ब्रिआनाचा उडीचा फोटो जगभर फिरला. एक्केचाळीस हजार लोकांनी त्याच्यावर हृदय टेकवले. हालिनाबाईंनी आपला हललेला फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'अजून आहे.' त्याला सात हृदये मिळाली, त्यांतले एक अनाएलीचे. अनाएली अधूनमधून तो फोटो उघडून बघतो. फोटोखाली कोणीतरी एकच ओळ लिहिली आहे, देवनागरीत: 'छान आहे, पण हे शिखरच कशावरून? बोर्ड कुठे दिसत नाही.'

अनाएलीला ती लिपी वाचता येत नाही. तुम्हाला येते.